तरणतलावातील शेवाळ आणि पाण्याच्या मोजमापाचा इतिहास

उघड्या तरणतलावात शेवाळ धरण्यासाठी जे जे लागते ते आपोआप जमून येते. सूर्यप्रकाश वरून मिळतो, कार्बन डायऑक्साइड हवेतून विरघळतो, शेवाळाचे सूक्ष्म बीजाणू वाऱ्याबरोबर, पावसाबरोबर आणि पोहणाऱ्यांच्या अंगावरून येतात, आणि घाम व लघवी यांतील युरियामुळे नत्राचा पुरवठाही पोहणारेच करतात. नदीत किंवा जिवंत झरे असलेल्या विहिरीत पाणी बदलत राहते आणि शेवाळावर जगणारे मासे व सूक्ष्म जीवही तेथे असतात. सिमेंटने बांधलेल्या तलावात यांपैकी काहीच नसते, म्हणून तेथील पाणी नितळ राहावे यासाठी माणसालाच रोज काही करावे लागते. या खटाटोपाचा इतिहास बहुधा क्लोरीनचा इतिहास म्हणून सांगितला जातो, पण तो अपुरा आहे. क्लोरीन हाताशी आल्यावरही पुढची कित्येक दशके तलाव हिरवे पडतच राहिले, कारण पाण्यात टाकलेल्या क्लोरीनपैकी किती खरोखर कामी येतो हे मोजण्याची साधने आणि त्यामागची समज सावकाश, तुकड्या-तुकड्याने आणि बहुतेक वेळा तरणतलावाशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळांतून आली.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तलाव उपसून, घासून पुन्हा भरणे एवढाच उपाय सर्वत्र प्रचलित होता. ब्रिटनमध्ये १८४६ साली सार्वजनिक स्नानगृहे व धुणीघरे यांसंबंधीचा कायदा झाला, त्यामुळे स्थानिक संस्थांना करातून अशा सोयी उभारण्याची मुभा मिळाली आणि औद्योगिक शहरांतून पोहण्याचे बंदिस्त तलाव बांधले जाऊ लागले. पाणी आठवड्यातून एकदोनदाच बदलले जाई. ताज्या पाण्याच्या दिवशी प्रवेशशुल्क अधिक असे आणि पाणी गढूळ होत जाईल तसे ते कमी होई, म्हणजे गरिबाच्या वाट्याला इतरांनी वापरलेले पाणी येई. मँचेस्टर येथे १९०६ साली सुरू झालेल्या व्हिक्टोरिया बाथ्स या देखण्या वास्तूत तीन तलाव होते, आणि तेथे पाणी आधी पहिल्या वर्गाच्या पुरुषांच्या तलावात, मग दुसऱ्या वर्गाच्या पुरुषांच्या तलावात आणि शेवटी स्त्रियांच्या तलावात वापरले जाई. ही व्यवस्था आज संतापजनक वाटते आणि ती तशी वाटावीही. मात्र पाणी स्वच्छ करण्याची विद्या हाती नसली की स्वच्छतेची वाटणी समाजातील उतरंडीप्रमाणे होते, याचा इतका उघड पुरावा क्वचितच सापडतो. छपराखालच्या या तलावांत प्रकाश कमी असल्याने शेवाळापेक्षा मळाचा त्रास मोठा होता. उघड्या तलावांत मात्र उन्हाळ्यात भिंती बुळबुळीत होत आणि उपशाचे काम वाढत जाई.

उपशाची ही पद्धत किती जुनी आहे हे मोहेंजोदडो येथील महास्नानगृहावरून दिसते. सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि जवळजवळ अडीच मीटर खोल असलेल्या त्या कुंडाला गळती रोखण्यासाठी डांबराचा थर दिलेला होता आणि पाणी पूर्णपणे सोडून देण्यासाठी एका कोपऱ्यात निचऱ्याची वाट ठेवलेली होती. पाणी निवळण्याची विद्याही भारतात प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत कतक म्हणून उल्लेखिलेली निवळीची बी उगाळून गढूळ पाण्यात सोडण्याची रीत महाराष्ट्रातील खेड्यांना परिचित होती, आणि हंड्यात तुरटी फिरवणे तर अजून चालू आहे. पाण्यातील सूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर सारत तरंगत राहतात. तुरटीतील ॲल्युमिनियम हा भार नाहीसा करते, कण एकत्र येऊन त्यांचे पुंजके होतात आणि तळाशी बसतात. आधुनिक तरणतलावातही वाळूच्या गाळणीआधी तुरटीचा वापर याच कारणाने होत आला. तुरटीने शेवाळ खाली बसते, पण मरत नाही, आणि तुरटीचे काम होताना पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पडले तरी ते पचवून स्थिर राहण्याची पाण्याची क्षमता, खर्ची पडते. हा दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नसल्याने त्याचा हिशेब पुष्कळ उशिरा मांडला गेला.

शेवाळ मारण्याचा पहिला शास्त्रीय प्रयत्न शेतीखात्यातून आला. बोर्डो मिश्रणाचा परिचय नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना निराळा करून द्यावा लागत नाही. फ्रान्समधील बोर्डो येथे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ साली मोरचूद आणि चुना यांचे हे मिश्रण द्राक्षवेलींवरील बुरशीवर उपाय म्हणून जगापुढे ठेवले होते. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आणि त्यातील तांबे बुरशीप्रमाणेच शेवाळालाही फार थोड्या प्रमाणात घातक ठरते. अमेरिकेच्या कृषी विभागातील जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन यांनी जलाशयांतील शेवाळावर त्याचा वापर करून १९०४ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. मोरचुदाचे खडे जाड्याभरड्या कापडाच्या पिशवीत भरायचे, पिशवी होडीच्या मागच्या बाजूला बांधून पाण्यात सोडायची आणि समांतर रेषांत होडी वल्हवत सारा जलाशय पालथा घालायचा, म्हणजे खडे विरघळत जाऊन औषध सर्वत्र सारखे पसरते. ही पद्धत इतकी साधी होती की ती लवकरच रूढ झाली आणि पुढे तरणतलावांनीही मोरचूद उचलला.

त्या कामातून निघालेली खरी मोलाची गोष्ट मात्र वेगळीच होती. एकाच जातीच्या शेवाळासाठी एका जलाशयात पुरलेली मात्रा दुसऱ्या जलाशयात अपुरी पडते, कारण पाणी जड व अल्कलीयुक्त असेल तर तांब्याचा मोठा भाग कार्बोनेटच्या रूपाने साक्याप्रमाणे खाली बसतो आणि शेवाळापर्यंत पोहोचतच नाही. औषधाची मात्रा पाणी पाहून ठरवावी लागते, हे तत्त्व येथे प्रथमच आकड्यांच्या भाषेत पुढे आले. तरणतलावात मोरचुदाचे तोटेही दिसून आले; जास्त झालेले तांबे भिंतींवर डाग पाडते आणि सोनेरी केसांना हिरवट छटा आणते, ज्याचा दोष लोक आजही क्लोरीनला देतात.

क्लोरीनचा प्रवास याला समांतर चालू होता. शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७४ साली हा वायू वेगळा केला, बर्तोले यांनी त्याचा कापड शुभ्र करण्यासाठी उपयोग दाखवला, आणि ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ साली तो चुन्यात शोषून घेऊन ब्लीचिंग पावडर तयार करण्याचे पेटंट मिळवले. कापडगिरण्यांसाठी निघालेली ही भुकटी पाण्यात जायला शतक लागले. अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराच्या पाणीपुरवठ्यात डॉ. जॉन लील यांनी सप्टेंबर १९०८ मध्ये तिचा सातत्याने वापर सुरू केला. पिण्याच्या पाण्यात रसायन मिसळणे लोकांना मान्य होणार नाही असे त्या काळी बहुतेकांना वाटत होते आणि प्रकरण न्यायालयासमोर होते, पण लील यांची पद्धत तेथे ग्राह्य धरली गेली. दोनच वर्षांनी, १९१० मध्ये, ब्राउन विद्यापीठाच्या तरणतलावात जॉन बंकर यांनी हीच भुकटी वापरून पाणी निर्जंतुक केले. तरणतलावातील क्लोरीनच्या वापराचे हे सर्वांत आधीचे नोंदलेले उदाहरण मानले जाते. त्या काळचे लक्ष विषमज्वरासारख्या रोगांच्या जंतूंवर होते, आणि शेवाळ हा त्यामानाने गौण प्रश्न होता. गाळणीतून तेच पाणी फिरवून वापरण्याची यंत्रे आणि क्लोरीन यांची सांगड बसल्यावर आठवड्याचा उपसा थांबला. पण उपसा थांबल्याबरोबर पाणी महिनोन्महिने तेच राहू लागले आणि त्यात टाकलेल्या प्रत्येक पदार्थाचा अंश साठत गेला. तरणतलावाचे रसायनशास्त्र खऱ्या अर्थाने येथून सुरू होते.

या शास्त्राचा पाया बीअरच्या कारखान्याशी जोडलेल्या एका प्रयोगशाळेत घातला गेला होता. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी १९०९ साली सामू, म्हणजे पीएच, हे आम्लता मोजण्याचे परिमाण मांडले. सात हा आकडा उदासीन, त्याखाली आम्ल आणि वर अल्कली, आणि एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट फरक, अशी ही श्रेणी आहे. क्लोरीन पाण्यात मिसळला की त्यापासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि जंतू व शेवाळ यांना मारण्याचे काम मुख्यतः तेच करते, कारण त्याच्या रेणूवर विद्युतभार नसल्याने तो पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतो. सामू वाढत जाईल तसे या आम्लाचे रूपांतर हायपोक्लोराइट आयनात होते, आणि हा आयन त्या मानाने फारच दुबळा असतो. साडेसातच्या सामूला साधारण निम्मा क्लोरीन प्रभावी रूपात असतो, आठच्या सामूला जेमतेम पाव, आणि साडेआठला दहावा हिस्साही उरत नाही. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील बटरफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ साली सामूप्रमाणे क्लोरीनची जंतुनाशक शक्ती कशी घटते याचे पद्धतशीर प्रयोग प्रसिद्ध केल्यावर अनेक तलावांचे कोडे उलगडले. ब्लीचिंग पावडर स्वतःच चुन्याची, म्हणून अल्कलीयुक्त असते, त्यामुळे तिच्या रोजच्या वापराने सामू वर सरकत जातो आणि तीच पावडर दिवसेंदिवस निष्प्रभ होत जाते. वायुरूप क्लोरीन वापरला तर नेमके उलट होऊन सामू घसरतो, डोळे चुरचुरतात, नळ व जाळ्या गंजतात, आणि मग धुण्याचा सोडा घालून तो सावरावा लागतो.

शेवाळाच्या बाबतीत येथे आणखी एक विलक्षण गोष्ट घडते. प्रकाशसंश्लेषणासाठी शेवाळ पाण्यातील कार्बन डायऑक्साइड ओढून घेते. हा वायू पाण्यात सौम्य आम्लासारखा वागत असल्याने तो कमी झाला की सामू चढतो, सामू चढला की क्लोरीन दुबळा होतो, आणि क्लोरीन दुबळा झाला की शेवाळ आणखी वाढते. म्हणजे एकदा पाय रोवलेले शेवाळ स्वतःच्या संरक्षणाची तजवीज स्वतःच करते. कालपर्यंत निळे असलेले पाणी दोन उन्हाळी दिवसांत हिरवे का पडते, याचे एक कारण या चक्रात सापडते, आणि म्हणूनच तलावाच्या देखभालीत क्लोरीनइतकेच महत्त्व सामू खाली आणणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लाला आले. याच आम्लाचा एक लाजिरवाणा वापरही इतिहासात नोंदलेला आहे. फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे जून १९६४ मध्ये, वर्णभेदाच्या निषेधार्थ कृष्णवर्णीय व गौरवर्णीय आंदोलक एका मोटेलच्या तलावात एकत्र उतरले असता, व्यवस्थापकाने त्यांना हुसकावण्यासाठी तलावात आम्ल ओतले. त्याचे छायाचित्र जगभर छापले गेले.

सामू आणि क्लोरीन यांच्यापलीकडे तलावाच्या भिंतींचाही विचार करावा लागतो, हे कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्फ्रेड लँगेलियर यांच्या कामामुळे कळले. त्यांनी १९३६ साली मांडलेला निर्देशांक शहरांच्या जलवाहिन्यांसाठी होता. सामू, तापमान, कॅल्शियम, अल्कलिनिटी आणि विरघळलेले क्षार यांच्यावरून पाणी चुन्याचा थर जमवील की उलट सिमेंटमधला चुना विरघळवील, याचे गणित त्यात होते. तरणतलावांनी ते उचलले याचे कारण शेवाळाशी थेट जोडलेले आहे. भुकेलेले पाणी गिलाव्यातील कॅल्शियम खाऊन त्याला खवले पाडते, आणि काळे शेवाळ म्हणून ओळखले जाणारे सायनोबॅक्टेरिया त्या खवल्यांत चिकट आवरणाखाली घर करतात. वरून जाणारा क्लोरीन तेथवर नीट पोहोचत नाही, म्हणून असे डाग आधी कडक ब्रशने खरवडावे लागतात.

क्लोरीनच्या मोजणीतला सर्वांत मोठा गैरसमज १९३९-४० च्या सुमारास दूर झाला. पाण्यात घामाचा व लघवीचा अमोनिया असेल तर क्लोरीन त्याच्याशी जोडला जाऊन क्लोरामाइन ही संयुगे बनतात. त्यांची मारकशक्ती अगदी कमी असते, आणि लोक ज्याला क्लोरीनचा वास म्हणतात तो मुख्यतः त्यांचाच असतो. अधिक क्लोरीन घालत गेल्यास मोजलेला आकडा आधी वाढतो, मग चक्क खाली येतो आणि एका बिंदूनंतर पुन्हा वाढू लागतो. या बिंदूला ब्रेकपॉइंट म्हणतात, आणि तो ओलांडल्यावर उरतो तो बहुतांशी मोकळा, म्हणजे कामाचा क्लोरीन असतो. उग्र वास येणाऱ्या तलावात क्लोरीन जास्त झाला असे मानून तो कमी करणे ही शुद्ध चूक आहे, कारण बहुधा तेथे मोकळा क्लोरीन अपुरा असतो. हे ज्ञान वापरायचे तर मोकळा आणि बांधला गेलेला क्लोरीन वेगवेगळा मोजता यायला हवा होता. तोवर चालत आलेली ऑर्थोटोलिडीनची चाचणी पाण्याला पिवळा रंग देई, पण हा भेद खात्रीने दाखवू शकत नसे. न्यूकॅसलचे रसायनतज्ज्ञ पॅलिन यांनी १९५७ साली डीपीडी या रसायनावर आधारलेली, गुलाबी रंग देणारी चाचणी प्रसिद्ध केली आणि तलावाच्या काठावर उभ्या असलेल्या साध्या कर्मचाऱ्यालाही हा फरक डोळ्यांनी दिसू लागला. या लेखातील सर्व शोधांत सर्वांत उपयोगी कोणता असे विचारल्यास उत्तर पॅलिन यांच्या बाजूने द्यावे लागेल.

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत ऑर्थोटोलिडीन ओटी टेस्ट या नावाने प्रसिद्ध आहे आणि विहिरीत किंवा टाकीत टाकायची ब्लीचिंग पावडर टीसीएल म्हणून. पोते उघडे राहिले, ओल लागली की टीसीएलमधील क्लोरीन उडून जातो, आणि मग वजनाने तितकीच पावडर टाकूनही पाणी तसेच राहते; गावच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला ठाऊक असलेली ही गोष्ट तरणतलावालाही जशीच्या तशी लागू पडते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरोघरी तलाव झाले आणि प्रश्नाने नवे वळण घेतले, कारण आता देखभाल करणारा माणूस प्रशिक्षित राहिला नव्हता. भर उन्हात उघड्या तलावातील निम्मा क्लोरीन तासाभराच्या आत नष्ट होतो. १९५०च्या दशकात यावर सायन्युरिक आम्लाचा उपाय पुढे आला. हे आम्ल क्लोरीनला सैलसर बांधून ठेवते, उन्हापासून वाचवते आणि लागेल तसा सोडत राहते. क्लोरीन व सायन्युरिक आम्ल एकत्र असलेल्या गोळ्या बाजारात आल्यावर देखभाल फारच सोपी झाली. मात्र अशा नेहमीच्या गोळ्यांतून लिटरमागे दहा मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो तेव्हा सुमारे सहा मिलिग्रॅम सायन्युरिक आम्लही पाण्यात पडते, आणि क्लोरीन खर्च होतो तसे ते खर्च होत नाही. हंगाम संपेपर्यंत ते इतके साठते की बहुतेक क्लोरीन बांधलेलाच राहतो, चाचणीत आकडा चांगला दिसतो आणि तरी भिंतींवर हिरवी साय धरते. ओब्रायन, मॉरिस आणि बटलर यांनी १९७४ साली या बांधणीचे स्थिरांक प्रसिद्ध केल्यावर त्याचा नेमका हिशेब करता येऊ लागला. साठलेले आम्ल काढण्याचा व्यवहार्य मार्ग मात्र एकच आहे, तो म्हणजे तलावाचा मोठा भाग उपसून ताजे पाणी भरणे.

हे सारे ज्ञान उपलब्ध असतानाही काय होऊ शकते हे रिओ येथील २०१६च्या ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिले. मारिया लेंक जलक्रीडा केंद्रातील सूर मारण्याच्या स्पर्धांचा तलाव ९ ऑगस्ट रोजी हिरवा पडला आणि पाठोपाठ शेजारचा वॉटर पोलोचा तलावही बदलू लागला. आरंभी अल्कलिनिटीतील बदल, उष्णता, वाऱ्याचा अभाव अशी कारणे देण्यात आली. जलतरणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पाणी शुद्ध करण्याची रसायने संपल्याचे आणि सामू मर्यादेबाहेर गेल्याचे सांगितले. काही दिवसांनी आयोजकांनी मूळ कारण जाहीर केले. उद्घाटनाच्या दिवशी, ५ ऑगस्टला, कंत्राटदाराने पाण्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले होते. हायड्रोजन पेरॉक्साइड हेही जंतुनाशक आहे आणि काही तलावांत ते वापरले जाते, पण क्लोरीनच्या पाण्यात ते पडले की दोघांची परस्परांशी क्रिया होऊन क्लोराइड, पाणी आणि प्राणवायू उरतो. दोन्ही औषधे एकमेकांना संपवतात आणि शेवाळाला मोकळे रान मिळते. कलात्मक जलतरणाची स्पर्धा तोंडावर होती आणि त्यात खेळाडूंना पाण्याखाली एकमेकींना पाहता येणे आवश्यक असल्याने, १३ ऑगस्टच्या रात्री वॉटर पोलोच्या त्या तलावातील सुमारे ३७ लाख लिटर पाणी सोडून देऊन सरावाच्या तलावातील स्वच्छ पाणी त्यात भरण्यात आले. साधनांची किंवा पैशाची तेथे वाण नव्हती. आधी पाण्यात काय आहे हे पाहून मग त्यात काय टाकायचे ते ठरवण्याची शिस्त मोडली होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली तरणतलावांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असून त्यांत क्लोरीनच्या तलावासाठी ७.२ ते ७.८ हा सामू योग्य मानला आहे; भारतीय मानक संस्थेचे ३३२८ क्रमांकाचे मानकही तरणतलावाच्या पाण्यासाठीच आहे. महाराष्ट्रातील पालिकांच्या, क्रीडासंकुलांच्या आणि गृहसंकुलांच्या तलावांची संख्या वाढत असताना मोकळा क्लोरीन, सामू आणि अल्कलिनिटी यांची त्या दिवशीची नोंद प्रवेशद्वाराशी फलकावर लिहिण्याची सक्ती व्हायला हवी, आणि जेथे असा फलक नाही तेथे मुलांना पोहायला पाठवणाऱ्या पालकांनी ती नोंद व्यवस्थापनाकडे मागून पाहावी.